घरची सरी

मी क्वालिटीत आहे. अंबडच्या एका कारखान्यात लोक चांगला म्हणून जो माल पाठवतात, तो मी तपासतो आणि त्यातला खोटा बाजूला काढतो. इतकी वर्षं हेच केलं की डोळ्याला सवय लागते. कुणी फार गोड हसून बोलायला लागला की मी आधी त्याच्या हातांकडे बघतो. योगिनी म्हणते, "अहो, लग्नाआधी तुम्ही मलासुद्धा उजेडात धरून बघितलं असेल." तसं काही केलं नव्हतं, पण तिला सांगून पटत नाही.

तर आमच्या कॉलनीत भाजी मंडळ निघालं, तेव्हा पहिल्या दिवसापासून मला वाटत होतं की इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

आमची कॉलनी शिफ्टवाल्यांची. निम्मी माणसं सातपूरला जातात, निम्मी अंबडला. मधे एक मोकळा प्लॉट होता. होता म्हणजे काय, कॉलनीचा उकिरडाच होता तो. डुकरं, फुटक्या बाटल्या आणि पावसाळ्यात असा वास की खिडकी उघडायची सोय नाही. आमच्या वरच्या मजल्यावर ललिताताई राहतात, सातपूरला पॅकिंगच्या कामाला जातात. त्यांच्या डोक्यात आलं की हा प्लॉट साफ करायचा. त्यांनी बायका गोळा केल्या, बायकांनी नवऱ्यांना गोळा केलं. कचरा गेला, कडेनं चालायला मुरमाची वाट झाली, म्हाताऱ्यांना बसायला बाकडी आली. मग ताईंनी पुढचा बेत काढला. दर रविवारी सकाळी याच प्लॉटवर बिनफवारणीची भाजी येणार. मधे दलाल नाही, भाजीला औषध नाही, शेतातून थेट आपल्या पिशवीत.

"निवडणूक जवळ आली वाटतं," मी योगिनीला म्हणालो.

निवडणूक आली आणि गेली, ललिताताईंनी तिकीट मागितलं नाही. मग मी म्हणालो, डोळा प्लॉटवर असणार. आधी भाजी, मग पत्र्याची शेड, मग शेडमध्ये देव, मग देवाच्या आडोशाला कुणाचं तरी ऑफिस. नाशकात मी असे कितीतरी प्लॉट गायब होताना बघितलेत. पण शेडही उभी राहिली नाही. तरी माझा संशय काही गेला नाही. तो भाजी आणणाऱ्या माणसावर जाऊन बसला.

त्याचं नाव पुंजाराम. पिंपळगाव बसवंतच्या पुढे हायवे सोडून आत त्याचं शेत. पन्नाशी ओलांडलेला, सुकलेल्या चेहऱ्याचा माणूस. बोलणं म्हणजे तोंडातून पैसे पडतील अशा बेतानं. "घ्या," "बरं," "ताजी हाय," एवढंच. टेम्पोतून क्रेट उतरवायचा, मेथी, पालक, वांगी, गाजरं मांडायचा आणि बाजूला उभा राहायचा. मेथीची जुडी केळीच्या सोपटानं, म्हणजे खोडाच्या सुकलेल्या सालीनं बांधलेली. लोकांना त्या सोपटाचंच केवढं कौतुक! फोटो काय काढायचे, ग्रुपवर काय टाकायचे. अरे, सोपट बांधलं म्हणून औषध मारलं नाही असं होतं का?

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण आमच्या घरात वेदिका आहे.

वेदिका दहा वर्षांची. तिला रक्ताचा आजार झाला होता. ते दीड वर्ष आम्ही कसं काढलं, ते आमचं आम्हाला माहीत. आता ती बरी आहे, शाळेत जाते, केसही परत आलेत. पण डॉक्टर दर वेळी तेच सांगतात, की हिला ताजं द्या, स्वच्छ द्या, घरचं द्या, काही लागण होऊ देऊ नका. योगिनीनं तर धसकाच घेतला होता. बाजारातली भाजी ती मिठाच्या पाण्यात घालायची, मग साध्या पाण्यात, मग परत साध्या पाण्यात, आणि शेवटी ताटात वाढताना तिचा हात थांबायचा. पोरगी कंटाळून ताट सरकवायची. मंडळाची भाजी यायला लागली तशी योगिनी मोकळ्या हातानं वाढायला लागली आणि वेदिका पोटभर जेवायला लागली. मेथी म्हणजे तर तिचा जीव. त्या मेथीवर माझ्या घराची झोप अवलंबून होती. म्हणून ती मेथी खरी आहे की खोटी, हे मला कळायलाच हवं होतं.

आणि मी काही शहरात जन्मलेला नाही. निफाड तालुक्यात आमची शेती होती. माझे वडील वांगी लावायचे. विहिरीच्या कडेला दोन-चार सऱ्या वेगळ्या असायच्या, त्यांना फवाऱ्याचा पंप लागायचा नाही. ती घरची सरी. बाकीचं वावर बाजाराचं. तिथे आज संध्याकाळी फवारा मारला की उद्या पहाटे वांगी तोडून गाडीत. चकाकणारी, एकही कीड नसलेली वांगी! आम्ही पोरांनी त्यातलं एखादं उचललं की आई हातातून हिसकावून घ्यायची. "बाजाराचं हाय ते, ठेव खाली!" गावात सगळ्यांकडे हेच चालायचं. कुणाला त्यात काही वाईट वाटायचं नाही. त्यामुळे शेतकरी आपल्याला घरच्या सरीतलं देतोय असं कुणी सांगितलं, की मला हसू येतं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मेथीच्या जुड्या बोटभर जाडीच्या आल्या आणि पालकाची पानं भोकाभोकांची. त्यातून ती निम्म्या लोकांना पुरली नाही. योगिनी रिकामी पिशवी घेऊन माझ्याकडे बघत राहिली. माझं डोकंच फिरलं.

"पुंजारामदादा," मी सगळ्यांसमोर म्हणालो, "चांगली मेथी कुठे गेली?"

"एवढीच निघाली, भाऊ."

"मला शिकवू नका. मी शेतकऱ्याच्याच घरातला आहे. घरची सरी वेगळी आणि बाजाराची वेगळी, हे काय मला माहीत नाही? चांगला माल तुमच्या घरी राहतो आणि उरलंसुरलं इथे आमच्या माथी मारता."

ललिताताई मधे पडल्या. "शेखरभाऊ, अहो काय बोलताय!" पण मागून रविराज म्हणाला, "बरोबर बोलतायत ते." रविराज म्हणजे समोरच्या बिल्डिंगमधला, बँकेतला. आणखी दोघा-तिघांनी माना हलवल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पुंजारामनं माझ्याकडे बघितलं, मग क्रेटकडे बघितलं. "बरं," म्हणाला आणि रिकामे क्रेट टेम्पोत चढवायला लागला.

पुढच्या रविवारी जुड्या मनगटाएवढ्या! पालक सगळ्यांना पुरून उरला.

"बघितलंस?" मी योगिनीला म्हणालो. "दटावलं की माल वाढतो. आता कुठून आला?"

तिनं मेथी निवडायला घेतली.

त्यानंतर महिनाभर भाजी अशीच भरभरून येत राहिली. माणूस समाधानी झाला असता. पण एका रविवारी दुपारी मी बाइकवरून सातपूरकडे निघालो होतो, तर भाजीबाजाराच्या कडेला पुंजारामचा टेम्पो उभा. मी गाडी हळू केली. बघतो तर काय, पुंजाराम भाजी विकत घेतोय! कोबी, मेथी, वांगी. बाजाराची मेथी, सुतळीनं आवळलेली. घासाघीस नाही, निवडणं नाही. दोन पिशव्या भरल्या, पुढच्या सीटवर ठेवल्या आणि गडी हायवेला लागला.

भाजी पिकवणारा माणूस भाजी विकत कशाला घेईल? दुसरं काय कारण असणार? सुतळी काढायची, सोपट बांधायचं आणि रविवारी आमच्या गळ्यात मारायची. म्हणून मग जुड्या जाड झाल्या! महिनाभर माझी पोरगी हे खात होती. तिनं मागून मागून खाल्लं होतं. मी तिथेच बाजूला गाडी लावून बसलो.

घरी आल्यावर योगिनीला सांगितलं. तिचा चेहरा उतरला, पण ती म्हणाली, "काहीतरी कारण असेल. आधी विचारा तरी."

"विचारून कुणी कबूल करतं का? रंगेहाथ धरावा लागतो."

"आणि नसेल तसं तर?"

"तसंच आहे."

त्या आठवड्यात मी तिला मंडळाची भाजी शिजवू दिली नाही. वेदिकानं दोन दिवस तोंड फुगवलं, तिसऱ्या दिवशी डाळभातही अर्धा टाकला. योगिनी माझ्याशी कामापुरतं बोलत होती.

शनिवारी कारखान्याला सुट्टी. क्रेट शनिवारीच भरले जाणार हे मला ठाऊक होतं. सकाळीच बाइक काढली. ओझर ओलांडलं, पिंपळगाव मागे टाकलं आणि विचारत विचारत त्याच्या वस्तीवर पोचलो. पत्र्याचं घर, पुढे पडवी, एका अंगाला द्राक्षबाग. बागेच्या कडेला औषधाचे निळे ड्रम आणि फवारणीचं यंत्र. मी मनात म्हणालो, चला, सुरुवात तर झाली.

पुंजाराम मला बघून चकित झाला, पण दचकला नाही. "या भाऊ. इकडं कुठं?"

"पिंपळगावला आलो होतो. म्हटलं आमची भाजी कुठे पिकते ते बघावं."

"बघा की."

त्यानं सगळं फिरवून दाखवलं. बाग आणि भाजीचं वावर यांच्या मधे मका दाट उभा केलेला. "बागेला फवारावं लागतं, भाऊ. त्याबिगर द्राक्ष येत नाय. वारा इकडं आला तर भाजीवर बसू नये म्हनून हा मका." भाजीच्या वावरात शेणखताचा वास, पानांवर थोडी भोकं, मेथी मात्र वीतभर उंच, दाट. मी खाली बसून पानं उलटी करून बघितली, मातीचा वास घेतला, बांधावर रिकाम्या पुड्या किंवा बाटल्या दिसतात का ते बघितलं. काहीच सापडेना. पुंजाराम माझ्या मागे मागे शांतपणे चालत होता. मी काय शोधतोय हे त्याला कळत होतं.

म्हणजे पीक खरं होतं. मग बाजाराची भाजी कुठे जात होती?

परत आलो तर पडवीत क्रेट भरायचं काम चाललेलं. मी एकेक जुडी डोळ्यांनी तपासली. सगळ्या सोपटाच्या, सगळ्या वावरातल्या. आणि घराच्या दाराशी, आतल्या बाजूला, तसलीच बाजाराची पिशवी लटकलेली. तिच्यातून सुतळी बांधलेली मेथी डोकावत होती. सापडली! आता ही क्रेटमध्ये कधी जाते तेवढं बघायचं, मोबाइल काढायचा, झालं.

"चला भाऊ, ऊन झालं. जेवून घ्या," आतून आवाज आला. पुंजारामची बायको सगुणाबाई दारात आली होती. ठसठशीत बाई, आवाज खणखणीत.

"नको ताई, निघतो मी."

"असं कसं? दारात आलेला मानूस बिगर जेवता जातो का? बसा."

मला तर थांबायचंच होतं. बसलो. स्वयंपाकघर तिथून सरळ दिसत होतं. सगुणाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. त्यांची सून, तृप्ती, पाटावर बसून भाजी निवडत होती. तिला दिवस गेलेले दिसत होते, सातवा-आठवा असावा, नीट वाकताही येत नव्हतं. तिनं पिशवीतली मेथी काढली, सुतळी सोडली. मी खुर्चीत पुढे सरकलो. आता सोपट घेणार.

तिनं सोपट घेतलं नाही. मेथी मिठाच्या पाण्याच्या पातेल्यात घातली. मग काढून साध्या पाण्यात. मग दुसऱ्या पातेल्यात, परत साध्या पाण्यात. मग चिरली, आणि सासूनं ती फोडणीला टाकली.

मला काही समजेना. बाहेर हाताच्या अंतरावर वावरभर मेथी उभी, आणि ही माणसं बाजारातली धुऊन धुऊन खातायत? मी ताटावर बसलो तरी तेच डोक्यात. सगुणाबाईनं भाकरी वाढली, मेथी वाढली, शेजारी कोबी.

"ताई, वावरातली मेथी नाही केली?" मी विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

पुंजारामचा घास हातातच राहिला.

सगुणाबाई जणू याच प्रश्नाची वाट बघत होती. "कशी करनार? तुमच्याच कॉलनीत कोन एक भाऊ हाय. सगळ्यांसमोर म्हनला, चांगलं घरी ठेवता आन् उरलंसुरलं आमच्या माथी मारता. हा मानूस त्या दिवशी घरी आला, चहा नाय की पानी नाय. सरळ देवापुढं बसला आन् बेलभंडारा उचलला. खंडोबाची आन घेतली! त्या वावरातलं एक पान माझ्या चुलीवर चढनार नाय म्हनला. घ्या आता! तवा अवकाळीनं मेथी बसली होती, पुढच्या पेऱ्यात भरली. आन् आमी घरापुरती एक सरी काढत होतो, ती पन तुमच्या टेम्पोत जाते. आन् घरात दोन जिवांची सून बाजारचं खाते. मी म्हनलं, अहो कुनी काय बोलंल, त्याच्यावर एवढं? तर म्हनतो, चोर म्हनून घेऊन भाजी गोड लागंल का?"

"अगं, गप ना," पुंजाराम हळूच म्हणाला.

"का गप? माझी सून हाय. त्या मानसाला आनून बसवला पायजे इथं, हिच्यासमोर."

तृप्ती म्हणाली, "जाऊ द्या ना आत्या, मी धुऊन घेते की तीन पाण्यांतून."

पुंजाराम ताटाकडे बघत होता. सकाळपासून हा माणूस माझ्यासोबत फिरला होता, मी त्याच्या बांधावर विषाच्या पुड्या शोधत असताना मागे उभा होता, आणि बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं की तो भाऊ हाच. आताही सांगणार नव्हता. मी गप्प बसलो असतो तर त्यानं माझं नाव कधीच घेतलं नसतं. मला इतकी लाज वाटली की तिथून उठून पळावंसं वाटलं.

"ताई," मी म्हणालो, "तो मीच."

सगुणाबाईचा हात परातीतच थांबला. "तुमी?"

"हो. मीच बोललो होतो. मागच्या रविवारी दादांना बाजारात भाजी घेताना बघितलं, म्हणून आज पकडायला आलो होतो."

"पकडायला!" ती म्हणाली. मग तिनं तव्यावरची भाकरी उलटली, शेकली आणि माझ्या ताटात टाकली. "जेवा मग. काय खातो आमी ते बघायलाच आला होता ना? पोटभर बघा."

मी जेवलो. उठलो असतो तर तो आणखी एक अपमान झाला असता. मी वेदिकाबद्दल सांगायचा प्रयत्न केला, दवाखान्याबद्दल, डॉक्टरांबद्दल. सगुणाबाईनं ऐकून घेतलं. तिचे डोळे जरा हलले, पण आवाज नाही. "तुमची ती लेक," ती म्हणाली, "आन् ही कोन?"

मी पुंजारामपुढे हात जोडले. "दादा, माझ्यामुळे शपथ घेतलीत. मी सांगतो, सुटली. उद्यापासून आधी घरचं ठेवा, मग आमचं."

त्याच्याआधी सगुणाबाईच बोलली. "इथं चुलीपुढं सुटली म्हनून कशी सुटंल? बोलला चार लोकांत, सोडवा चार लोकांत."

ते बरोबरच होतं. निघताना पुंजाराम बाइकपर्यंत आला. "लेकीला कसं हाय आता?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, बरं आहे. "बरं," तो म्हणाला.

रात्री योगिनीला सगळं सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. ती नुसती रडली.

रविवारी क्रेट उतरल्यावर मी बाकड्यावर चढलो. हो, चढलोच, कारण मला सगळ्यांनी ऐकायला हवं होतं. मी म्हणालो की पुंजारामदादांवर मी आळ घेतला तो साफ खोटा होता. मी स्वतः जाऊन वावर बघून आलो. या माणसानं माझ्या शब्दावरून शपथ घेतली आणि स्वतःच्या घरात स्वतःच्या वावरातलं पान शिजवणं बंद केलं. घरात दोन जिवांची सून आहे. तेव्हा आपण सगळ्यांनी मिळून त्यांना म्हणायचं, शपथ सुटली, आधी घरचं ठेवा.

ललिताताईंनी लगेच हात जोडले. "दादा, सुटली हो, सुटली!" बऱ्याच बायकांनी माना डोलावल्या. माझ्या जिवात जीव आला.

तेवढ्यात रविराज म्हणाला, "ठेवू दे की, आपलं काय जातंय? पण मग जुड्या पुन्हा बारीक होणार का? मागच्यासारखं अर्ध्या लोकांना मिळणार नाही असं नको."

"एका घरापुरती मेथी, रविराज," मी म्हणालो.

"एका घरापुरती म्हणजे किती, हे कोण बघणार? शेखरराव, तुम्हीच तर सांगितलं होतं ना, शेतकरी चांगलं घरी ठेवतो म्हणून. शेतकऱ्याच्याच घरातला आहे म्हणालात. आम्हाला कुठे शेतीतलं कळतं? तुमच्यावरच तर विश्वास ठेवला आम्ही."

आता ज्यांनी माना डोलावल्या होत्या त्यातल्या काहींनी एकमेकींकडे बघितलं. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "ठेवावं, पण थोडं प्रमाणात." कुणी हसलं. ललिताताई कडाडल्या, "अरे, लाज वाटते का कुणाला!" पण बोलणाऱ्यांना काही लाज वाटली नाही. मी बाकड्यावर उभाच होतो. मला रविराजचं तोंड बंद करायचं होतं. पण ते शब्द माझेच होते.

पुंजाराम गाजरं मांडत होता. तो उठला, हात झटकले. "भाऊ, तुमचा संशय फिटला, बरं झालं," तो म्हणाला. "बाकीच्यांचा फिटला की बघू." आणि परत खाली बसला. शपथ राहिली ती राहिलीच.

मी घरी आलो, पायरीवर बसून राहिलो. योगिनी आमच्या वाटणीची मेथी घेऊन मागून आली आणि मला ओलांडून सरळ ओट्याशी गेली. मेथी निवडली, लसूण ठेचला, भाजी केली, भाकऱ्या केल्या. वेदिका वास घेत स्वयंपाकघरात घुटमळत होती. आठवडाभरानं तिला मेथी मिळणार होती. योगिनीनं अर्धी भाजी तिच्यासाठी काढली. उरलेली अर्धी भाकऱ्यांवर घालून डब्यात भरली.

"हे काय?" मी विचारलं.

"त्यांच्या चुलीवर चढायचं नाही ना? माझ्या शेगडीवर चढलंय. दिवस गेलेल्या बाईला कुणी ताट पाठवलं तर ते परत करत नसतात. टेम्पो जायच्या आत नेऊन द्या."

मी धावत गेलो. पुंजारामनं डबा हातात घेतला, झाकणावर हात ठेवून जरा वेळ उभा राहिला. घेतो की नाही, मला कळेना. मग तो पुढच्या सीटवर ठेवला आणि टेम्पो चालू केला.

तेव्हापासून दर रविवारी डबा जातो. आमच्या वाटणीत दोन घरांचं भागत नाही. मी आणि योगिनी मेथी खायची सोडली, वेदिकाला पुरवून पुरवून वाढतो. पुढच्या रविवारी डबा परत येतो. लखलखीत घासलेला, पुसलेला. आणि रिकामा.

आमच्याकडे कुणी कुणाचा डबा रिकामा परत करत नाही. काही नसलं तरी चमचाभर साखर घालतात, चार शेंगदाणे घालतात. सगुणाबाईच्या घरात तर द्राक्षं आहेत, शेंगा आहेत. तरी प्रत्येक वेळी मी झाकण उघडून बघतो आणि आत काही नसतं.

तृप्ती ती भाजी खाते का? की सगुणाबाई ती गोठ्यात गाईपुढे टाकते आणि डबा घासून ठेवते? पुंजारामला विचारलं तर तो "बरं" म्हणेल. मी क्वालिटीतला माणूस, हे मला माहीत करून घ्यायलाच हवं. पण विचारायचं म्हणजे त्या घरावर पुन्हा संशय घ्यायचा. डबा घेऊन मी गप्प घरी येतो आणि योगिनीच्या हातात देतो. तीही झाकण उघडून बघते. मग पुढच्या रविवारसाठी फळीवर ठेवते.